क्लिप संपते तिथून पुढे

“…पण मी ते मुद्दाम केलं का, बुवा?”

धर्माजी बुवा मैदानावर पाणी मारत होते. एका हातात नळी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. संध्याकाळी मुलं खेळायला यायच्या आत माती बसायला हवी होती.

“कोणाला विचारतोयस?”

“तुम्हाला.”

“मी तिथं होतो का?”

“टीव्हीवर पाहिलं असेल ना तुम्ही. सगळ्यांनी पाहिलंय.”

“त्या दिवशी गावात लाइट नव्हती,” बुवा म्हणाले आणि नळी दुसऱ्या कोपऱ्याकडे वळवली.

मितेश ठाकूर मैदानाच्या कडेला उभाच होता. एवढ्या लांबून आल्यावर निदान बस तरी म्हणतील, असं त्याला वाटलं होतं.

अलिबागच्या अलीकडे, खाडीच्या बांधाला लागून हे गाव. बुवा तिथल्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सकाळी देवळात भजन, संध्याकाळी देवळामागच्या मैदानात कबड्डी. मितेश दम धरायला इथंच शिकला. आता तो मोठ्या लीगमध्ये खेळत होता. देशातल्या नावाजलेल्या चढाईपटूंत त्याचं नाव होतं. त्याच्या बनियनच्या आत, पाठीवर, एक छोटं यंत्र असे. तो किती धावला, किती थकला, छातीचे ठोके कुठे चढले आणि कुठे उतरले, सगळं बाकावर बसलेल्या माणसाला दिसे. रात्री नीट झोपला की नाही, तेही सकाळी त्याच्याआधी टीमला कळे.

आणि गेल्या महिन्यात, उपांत्य सामन्यात, शेवटच्या चढाईत ते घडलं.

समोरच्या संघातल्या बिरुदेव वाघमोडेनं त्याचा घोटा धरला. मितेशनं गिरकी घेतली, अंग झटकलं, उडी मारली. त्याचा सुटा पाय बिरूच्या वाकलेल्या गुडघ्यावर पडला. पकड सुटली. मितेशनं मध्यरेषा गाठली. सामना जिंकला.

बिरूच्या गुडघ्यातलं सगळं तुटलं होतं. पुन्हा खेळेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते.

“पंचांनी मला निर्दोष ठरवलं,” मितेश म्हणाला. “सगळ्या कोनांतून पाहून ठरवलं.”

“मग झालं तर.”

“नाही झालं.”

बुवांनी नळ बंद केला.

“लोकांनी क्लिप काढलीय, बुवा. उडी मारायच्या आधी मी खाली बघतो. त्याच्या गुडघ्याकडे. मग पाय तिथंच पडतो. स्लो मोशनमध्ये सगळं स्पष्ट दिसतं.”

“तुला काय आठवतं?”

मितेशनं खिशातला फोन चाचपला.

“आधी आठवत होतं. तोंडात दम होता. रेषा दिसत होती. घोट्याला हात लागल्याचं कळलं होतं. पण मी ती क्लिप इतक्यांदा पाहिली, इतक्यांदा पाहिली, की आता…”

“आता?”

“आता आठवायला लागलो की वरून दिसतं. कॅमेरा होता तिथून. आठवणीत मला माझीच पाठ दिसते, बुवा.”

बुवांनी त्याच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

“आण,” ते म्हणाले. “दाखव.”

देवळाच्या पायरीवर दोघं बसले. बुवांनी हात धोतराला पुसले, चष्मा चढवला आणि फोन हातात घेतला.

“हे पाण्याखाली चालल्यासारखं काय चाललंय?”

“हळू केलंय. नीट दिसावं म्हणून.”

“तू असा खेळलास?”

“नाही. पापणी लवायच्या आत झालं ते.”

“मग हा कोण आहे?”

मितेशनं पडद्यावरच्या स्वतःकडे पाहिलं.

“तू खेळलास त्या वेगात दाखव.”

मितेशनं दाखवलं. एक झटापट, धूसर पाय, निळ्या मॅटवर पडलेली दोन शरीरं. संपलं.

“पुन्हा.”

पुन्हा संपलं.

“पुढचं?”

“पुढे काही नाही, बुवा. क्लिप तिथंच संपते.”

“तू पण तिथंच संपलास?”

“म्हणजे?”

“रेषा गाठलीस. मग काय केलंस?”

“मग… मुलांनी उचललं मला. खांद्यावर घेतलं. स्टेडियम डोक्यावर घेतलं होतं लोकांनी.”

“आणि तो?”

“स्ट्रेचर आलं. त्याला घेऊन गेले.”

“तू पाहिलंस?”

“हो, नंतर व्हिडिओत…”

मितेशची जीभ अडखळली.

बुवांनी फोन त्याच्या हातात परत दिला.

“बुवा, तुम्हाला तिथलं माहीत नाही,” मितेशचा आवाज चढला. “इथल्या मैदानासारखं नसतं ते. वर दिवे, कानठळ्या बसवणारं संगीत, हजारो माणसं नाव घेऊन ओरडतायत. पडद्यावर आपलाच चेहरा, घराएवढा. त्या गोंगाटात काही ऐकू येत नाही. मागे बघायचं भान कुणाला राहतं?”

“खरं आहे,” बुवा म्हणाले.

“आणि माझे ठोकेसुद्धा टीमकडे नोंदलेले आहेत. ते यंत्र बघणारा आमचा तज्ज्ञ म्हणाला, त्या चढाईत तू एकदम शांत होतास. आता मी विचार करत बसतो. शांत होतो म्हणजे माझ्या मनात काही नव्हतं? की सगळं ठरवूनच केलं म्हणून शांत होतो?”

“खरं आहे,” बुवा पुन्हा म्हणाले.

“खरं आहे, खरं आहे काय… सांगा ना!”

बुवा उठले. पायरी उतरून ओल्या मैदानात गेले. मधल्या रेषेपर्यंत पोचले असतील नसतील, तेवढ्यात त्यांचा पाय सरकला. म्हातारं शरीर एका बाजूला कललं आणि धप्पकन चिखलात पडलं.

फोन पायरीवर टाकून मितेश धावला. बुवांच्या बगलेत हात घालून त्यांना बसतं केलं, डोकं चाचपलं, कोपर पाहिलं.

“लागलं का? बुवा? कुठं लागलं?”

बुवांनी त्याचा हात घट्ट धरला.

“मुद्दाम धावलास?”

“काय?”

“मला उचलायला आलास. मुद्दाम आलास का?”

“नाही… आपोआप… तुम्ही पडलात म्हणून…”

…

मितेश तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. त्याची पँट चिखलानं भरली होती. मग तो खालच्या आवाजात म्हणाला,

“तुम्ही मुद्दाम पडलात का?”

“ते मलाही नाही सांगता येणार,” बुवा म्हणाले. “ह्या वयात गुडघे विचारून वाकत नाहीत.”

मग त्याच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले.

“तो पोरगा कुठं असतो?”

“पुण्याला. उपचार चालू आहेत तिथं.”

“गाडी आणलीयस ना? चल.”

“आत्ता? बुवा, कपडे तरी बदला.”

“तू बदलणार आहेस?”

निघताना मितेशनं टीमच्या ऑफिसला कळवलं. कुठं जातोय हे कळवावंच लागे. वाटेत बुवा खिडकीतून डोंगर बघत राहिले.

खोपोलीला चहाला थांबले. टेबलाशी बसतात न बसतात तोच एक गृहस्थ बायकोला मागे ठेवून लगबगीनं आले.

“मितेश ठाकूर ना? अहो, आम्ही तुमचे जबरदस्त फॅन! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांच्या ॲपवरच्या फँटसी टीममध्ये तुम्हीच कॅप्टन असता!”

मितेश कसनुसं हसला. गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात टाकून फोन वर धरला.

“आणि ती शेवटची चढाई… काय ठेचलात हो त्याला! असाच खेळाडू पाहिजे. लोक काहीही बोलतात, लक्ष देऊ नका. मी तर ती क्लिप स्टेटसला ठेवली होती. खाली लिहिलं होतं, वाघ आधी बघतो, मग मारतो.”

फोटो निघाला. फोटोत मितेश हसत नव्हता. गृहस्थांच्या ते लक्षातही आलं नाही.

गाडीत बसल्यावर मितेशनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि तसाच थांबला.

“शिव्या देणारे म्हणतात मी मुद्दाम केलं. ते मला सोसतं, बुवा. पण ज्यांना मी आवडतो, तेही म्हणतात मी मुद्दामच केलं. आणि म्हणूनच आवडतो.”

बुवांनी पट्टा ओढून लावला.

“गाडी चालव,” ते म्हणाले.

बिरूनं हॉस्पिटलजवळ भाड्यानं जागा घेतली होती. दुसरा मजला, लिफ्ट नाही. दार त्याच्या आईनं उघडलं. आटपाडीकडची बाई, डोक्यावर पदर, हातात पीठ लागलेलं. तिनं मितेशकडे पाहिलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

“तूच न्हवं का त्यो?”

“हो, आई.”

“आई म्हनू नगंस.”

ती दारातून हलली नाही. मग तिची नजर मागे, जिन्याचा कठडा धरून दम घेणाऱ्या बुवांवर गेली. त्यांच्या चिखल वाळलेल्या धोतरावर गेली.

“ह्ये कोन?”

“माझे गुरू.”

“म्हातारं मानूस एवढ्या पायऱ्या चढून आलंय,” ती स्वतःशीच म्हणाली आणि बाजूला झाली. “या.”

आतल्या खोलीत बिरू पलंगावर पडला होता. उजवा पाय एका यंत्रात पट्ट्यांनी बांधलेला. यंत्र बारीक घरघर करत त्याचा गुडघा हळूहळू वाकवत होतं आणि हळूहळू सरळ करत होतं. बिरूनं दोघांना पाहिलं. दचकला नाही.

“बसा,” तो बुवांना म्हणाला.

बुवा खुर्चीवर बसले. मितेश उभा राहिला.

यंत्रानं एकदा गुडघा वाकवला. सरळ केला.

“हे बरं आहे,” बिरू पायाकडे बघत म्हणाला. “रोज थोडं थोडं जास्त वाकवतं. मी स्वतः वाकवला नसता. भीती वाटते.”

“बिरू, मी…”

“थांब. मला एक विचारायचंय. तू फोन उचलशील की नाही कळत नव्हतं, म्हणून केला नाही.”

“विचार.”

बिरूनं उशीला कोपर टेकून अंग वर घेतलं. आता तो सरळ मितेशच्या डोळ्यांत बघत होता.

“त्या वेळी मी तुला हाक मारली होती का?”

मितेशचा चेहरा उतरला.

“मी सगळे व्हिडिओ पाहिले,” बिरू म्हणाला. “आवाज पूर्ण मोठा करून पाहिले. लोकांचा आवाज येतो, शिट्टी येते, समालोचक येतो. माझी हाक कुठंच नाही. मी सांगतो तर आमचा कोच म्हणतो, तू ओरडलाच नव्हतास. भाऊ म्हणतो, दुखण्यात भास होतात माणसाला. डॉक्टरही तेच म्हणतात. मला पक्कं आठवतंय, मी ‘मितेश’ म्हणून ओरडलो. ज्यानं पाडलं त्यालाच हाक मारली… दुसरं कोण होतं जवळ? पण आता मलाच वाटायला लागलंय, नसेलच मारली.”

यंत्र घरघरत राहिलं. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

मितेशनं बुवांकडे पाहिलं. बुवा खिडकीबाहेर बघत होते.

नाही म्हणणं सोपं होतं. जगातला एकही कॅमेरा त्याला खोटं पाडू शकला नसता.

“मारली होतीस,” मितेश म्हणाला.

“काय?”

“तू हाक मारलीस. माझ्या नावानं. दोनदा.”

बिरूनं पलंगाची कड धरली.

“तू ऐकलीस?”

“ऐकली.” मितेश पलंगाजवळ सरकला. “पाय मुद्दाम टाकला की नाही, मला माहीत नाही. शपथेवर सांगतो, आता मला खरंच माहीत नाही. पण हाक ऐकली होती. रेषेला हात लावला तेव्हा ऐकली. आणि वळलो नाही. वळलो असतो तर जिंकल्याचा तो क्षण गेला असता. ते मात्र मुद्दाम होतं.”

…

बिरूनं डोळे मिटले. पापण्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळलं. त्यानं ते पुसलं नाही.

“आये,” तो डोळे न उघडता म्हणाला, “ऐकलंस का? मारली होती मी हाक.”

“ऐकलं रं बाळा.”

“येडा नाही झालो मी.”

“न्हाईस रं.”

ती मितेशजवळून पुढे गेली, पोराच्या कपाळावर पिठाचा हात ठेवला. पांढरी बोटं उमटली. मग मागे न बघता म्हणाली,

“बस खाली. उभ्यानं कवर बोलशील.”

मितेश पलंगाशी, जमिनीवर बसला. दोघांत फारसं बोलणं झालं नाही. बिरूनं माफ केलं असं म्हटलं नाही, मितेशनं मागितलंही नाही. मध्येच एकदा यंत्राचा पट्टा सैल झाला, तेव्हा बिरूनं मानेनं खूण केली आणि मितेशनं तो आवळला. किती आवळायचा ते बिरू सांगत होता. “अजून… अजून थोडा… बास.” पायाला हात लागताना मितेशनं मान खाली घातली होती. गुडघ्यावरची शिवण त्यानं पहिल्यांदाच पाहिली. ती कुठल्याच क्लिपमध्ये नव्हती.

आईनं भाकरी वाढली. बुवांना, बिरूला. मग, जरा थांबून, मितेशलाही.

निघताना बिरू म्हणाला, “परत येणार असशील तर सकाळी ये. सकाळी चालायला लावतात मला. धरायला माणूस लागतं.”

“येतो,” मितेश म्हणाला.

जिना उतरत असताना त्याचा फोन वाजला. टीमच्या प्रसिद्धीचं काम बघणारा माणूस होता.

“तू बिरूकडे पोचलास? अरे, काय सुंदर कल्पना! ऑफिसकडून कळलं, आधी मलाच सांगायचंस ना. कॅमेरामन निघालाय, पोचेलच. तू परत वर जा. त्याचा हात हातात घे, डोळ्यात पाणी असलं तर उत्तमच. दोन मिनिटांचा व्हिडिओ बास आहे. सगळ्यांची तोंडं बंद होतील. ती जुनी क्लिप कुणी बघणारही नाही.”

मितेश पायरीवर थांबला.

“त्याला परत पाठवा,” तो म्हणाला.

“कोणाला?”

“कॅमेरामनला.”

“मितेश, हे तुझ्याच भल्याचं आहे. लोक काय म्हणतायत माहीत आहे ना तुला?”

“माहीत आहे.”

त्यानं फोन बंद केला.

खाली रस्त्यावर दिवे लागले होते. मितेश गाडीपर्यंत गेला, किल्ली काढली, आणि दार न उघडताच वळला. वर, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीकडे त्यानं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर पुन्हा तीच घालमेल आली, जी घेऊन तो दुपारी मैदानात आला होता.

“बुवा…”

“बोल.”

“मी कॅमेऱ्याला नाही म्हणालो खरा. पण वर जे झालं ते त्या खोलीतच राहणार. बिरू कुणाला सांगेल, न सांगेल. लोक ती क्लिपच बघत राहणार. मी इथं आलो होतो, हे कुणाला कधी कळणारच नाही.”

बुवा गाडीच्या पलीकडच्या दाराशी उभे होते. त्यांनी दारावर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं,

“तुला कळलं का?”